बाळंतिणीच्या मनावर रिसर्च करायचाय? गावात जायच्या आधी हे वाचा

दरवर्षी जून-जुलै लागला की फोन सुरू होतात. "ताई, पोस्टपार्टम डिप्रेशनवर डिझर्टेशन घेतलंय, प्रश्नावली असेल तर पाठवा ना, पन्नास बायका भरल्या की झालं." एमएसडब्ल्यूवाले, नर्सिंगवाले, पब्लिक हेल्थवाले, सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच. आता प्रश्नावली मी देत नाही असं नाही, देते, पण सगळ्यात शेवटी देते, कारण ती दहा प्रश्नांची आहे, दहा मिनिटात होते. समोरची बाळंतीण खरं बोलली तर तुम्ही त्या उत्तराचं काय करणार, यवतमाळच्या एखाद्या कोपऱ्यातल्या गावात, दुपारी तीन वाजता, शेवटची एसटी पाचला, तेव्हा काय करणार, हे ठरलेलं नसेल तर विचारायलाच जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. खाली लिहिलंय ते वऱ्हाडातल्या गावांत फिरून, बऱ्याच चुका करून शिकलेलं आहे.

पहिलं काम: तीन गोष्टी वेगळ्या करा

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, चिडचिड होते, आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप बसतं. हे फार जणींना होतं, हा आजार नाही. डिप्रेशन वेगळं: दोन आठवड्यांहून जास्त मन लागत नाही, लेकराकडे बघावंसं वाटत नाही, लेकरू झोपलं तरी हिला झोप नाही, सगळा दोष माझाच असं वाटत राहतं, आणि हे बाळ दोन-चार महिन्यांचं झाल्यावरही सुरू होऊ शकतं. तिसरी गोष्ट सायकोसिस, हजारात एखाद-दुसरीला होते, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. रात्र रात्र झोप नाही, आवाज ऐकू येतात, घरच्यांवर किंवा बाळावरच संशय. गावात याला "बाहेरचं लागलं" म्हणतात आणि दर्ग्याला नाहीतर भगताकडे नेतात. ही इमर्जन्सी आहे, इथे फॉर्म बाजूला ठेवून १०८ लावायची, बास.

दुसरं काम: आधी उपचाराची साखळी, मग प्रपोजल

एक गणित सांगते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशोब छापून आला होता, त्यात बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचं प्रमाण साधारण २२ टक्के निघालं. म्हणजे तुमच्या "पन्नास बायकां"मध्ये दहा-अकरा जणी अशा निघू शकतात ज्यांना पुढे कुठेतरी न्यावं लागेल. दहा-अकरा! आणि तुमच्या प्रपोजलमध्ये त्यांच्यासाठी एक ओळ असते, "आवश्यकतेनुसार रेफर केले जाईल". कुठे, कोण, कोणत्या वारी, कोणाच्या पैशानं?

चिठ्ठी हातात दिली म्हणजे रेफर झालं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला होता, बाळंतिणींचा नव्हता तो, मोठ्या माणसांच्या डिप्रेशनचा होता, पण आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: सुरुवातीला डिप्रेशन असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोकांनी कुठेतरी मदत घेतलेली होती, गावातच माणसं तयार करून दीडेक वर्ष काम केल्यावर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे एवढं सगळं करूनही चारातले तीन राहिलेच. मग तुमच्या चिठ्ठीनं किती जणी जातील ते तुम्हीच बघा.

तर प्रपोजल लिहायच्या आधी एक दिवस काढा आणि स्वतः बाळंतिणीसारखा प्रवास करा. गावातून निघा, ऑटो, एसटी, जिल्हा रुग्णालय, मानसिक आरोग्य विभागाची ओपीडी शोधा, कोणत्या दिवशी डॉक्टर बसतात ते विचारा, केसपेपर काढायच्या लायनीत उभं राहा, आणि परत गावात यायला किती वाजले ते लिहून ठेवा. मी हे केलं तेव्हा सकाळी सातला निघून रात्री साडेआठला परतले, आणि माझ्या कडेवर लेकरू नव्हतं. त्या एका दिवसानं माझं बजेटच बदललं, गाडीभाडं हेड वेगळं टाकलं, सोबत जाणाऱ्या बाईची मजुरी टाकली. टेली मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तोही आधी स्वतः लावून बघा, गावाच्या कोणत्या टोकाला रेंज येते ते बघा (बहुतेक मंदिराचा ओटा नाहीतर पाण्याची टाकी). आणि डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की अंगावर पाजणाऱ्या आईला गोळ्या चालतात का, कारण सासूचा पहिला प्रश्न तोच असतो. बऱ्याच गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्यानं चालतात, पण ते डॉक्टरनं सांगायचं, तुम्ही नाही.

तिसरं काम: कागदपत्रं

एथिक्स कमिटीची (अभ्यासात माणसांना इजा होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी फील्डवर जायच्या आधी लागते, नंतर नाही. "पायलट आहे, फक्त पाच बायका आहेत" हेही चालत नाही, त्या पाच बायकाच आहेत ना. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा तरी पूर्ण वाचा. आणि २०१७ चाच मानसिक आरोग्य सेवा कायदा, त्याचं कलम ९९ सांगतं की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची नुसती मुलाखत घ्यायची असली तरी तिची मोकळी, समजून दिलेली संमती लागते. कमिटीला दोन-तीन महिने सहज लागतात, म्हणून सबमिशनच्या तारखेवरून मागे मोजत या.

जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), सरपंच, यांची परवानगी वेगळी. ती गावात शिरायची परवानगी आहे, बाईची संमती नाही. साहेबानं सही केली म्हणजे गावातल्या सगळ्या बाळंतिणी तुमच्या, असं वागणारे पाहिलेत मी.

चौथं काम: प्रश्नांची भाषा

बहुतेक जण एडिनबरो स्केल वापरतात, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठीची प्रश्नावली, १९८७ सालची, दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ३०, मार्क जास्त म्हणजे त्रास जास्त. कॉपी काढताना त्यावर मूळ लेखकांची नावं आणि स्रोत छापावा लागतो, ते विसरू नका. मार्क देताना नवीन लोक हमखास चुकतात: १, २ आणि ४ नंबरचे प्रश्न सरळ आहेत, वरच्या पर्यायाला ०, बाकीचे सात उलटे, वरच्या पर्यायाला ३. माझ्या ओळखीत एका मुलीनं सगळे सरळ मोजले आणि तिच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात दुःखी बायका सगळ्यात आनंदी निघाल्या. कटऑफ अभ्यासानुसार १० ते १३ च्या मधे घेतात, तुम्ही कोणता घेतला आणि का ते आधीच ठरवा. आणि हे स्क्रीनिंग आहे, निदान नाही. "तुम्हाला डिप्रेशन आहे" हे वाक्य तुमच्या तोंडून निघायला नको.

पण खरी गंमत भाषेत आहे. सहाव्या प्रश्नाचा आशय असा की गोष्टी आवाक्याबाहेर चालल्यात असं वाटतं का. आमच्याकडे जो मराठी कागद आला होता त्यात होतं, "सगळं अंगावर येतं असं वाटतं का?" आता पुण्यात हे बरोबर असेल. इथे मी विचारलं तर बाळंतीण म्हणते, "हो जी, दोन महिने झाले, पांढरं जाते, सिस्टरनं गोया देल्ल्या." बरोबर आहे तिचं, गावात अंगावरून जाते म्हणजे काय ते सगळ्या बायकांना माहीत आहे, आणि अंगावर म्हणजे दूधही. म्हणजे त्या एका शब्दावर आम्ही अकरा मुलाखतींमध्ये डिप्रेशनचे मार्क देत बसलो होतो. अकराच्या अकरा बाद कराव्या लागल्या. नंतर तो प्रश्न "कामं आवरतच नाईत, जीव थकून जाते असं होते का" असा केला. चौथा प्रश्न आहे विनाकारण काळजी वाटते का. एकीनं सरळ विचारलं, "विनाकारण काऊन? कारण तं हाये ना मॅडम, सोयाबीन गेलं, सोसायटीचं कर्ज हाये." याचं उत्तर काय लिहिणार? आम्ही ठरवून टाकलं की उत्तर जसंच्या तसं बाजूला लिहायचं आणि मग टीमनं बसून बघायचं.

म्हणून भाषांतर करा, मग दुसऱ्या माणसाकडून उलटं भाषांतर करून घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं, गावातल्या चार-पाच बायकांना एकेक प्रश्न वाचून "तुम्हाला यातून काय समजलं" एवढंच विचारा. मेळघाटात जाणार असाल तर कोरकू, गडचिरोलीत माडिया-गोंडी, भंडारा-गोंदियाकडे झाडी बोली, तिथे वऱ्हाडी कागद चालणार नाही. दुभाषा घ्यायचा तर त्याच घरातला किंवा त्याच गावचा नको.

कोणी "डिप्रेशन" म्हणत नाही हे वेगळं सांगायला नको. जीव घाबरते, मन लागत नाई, कसंसंच होते, डोकं सुन्न होते, काहीच गोड लागत नाई, हे ऐकायची सवय करा. टेन्शन हा शब्द मात्र सगळीकडे चालतो.

पाचवं काम: गावात कोणाच्या सोबतीनं, कधी

आशाताईशिवाय बाळंतिणीची यादी मिळत नाही. नवजात बाळांसाठी तिच्या घरभेटी असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी (या घरभेटींची मुळं आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामात आहेत). ती ओळख करून देईल, घर दाखवेल. पण मुलाखतीला तिला बसवू नका. ती त्याच गावची, कधी नात्यातली, आणि बाईला वाटतं की हिला नाही म्हटलं तर मातृ वंदना या सरकारी योजनेचे पैसे अडकतील. हे वाटणं तुम्ही स्वतः मोडून काढायचं, संमतीच्या आधी, साध्या शब्दांत: "तुम्ही नाही म्हटलं तरी दवाखाना, लस, पैसे, कशावरच फरक पडत नाही, आणि मी नाराज होऊन जाणार नाही." आशाताईचा अर्धा दिवस गेला तर तिलाही मोबदला द्या, ती तुमची बिनपगारी गाइड नाही.

वेळ. सव्वा महिना होईपर्यंत बाळंतीण खोलीतच असते, शेक, धुरी, मालीश चालू असते, आणि खोलीत कोणीतरी असतंच. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला ती पहिल्यांदा अंगणवाडीत येते, तिथे ओळख करून घ्या, मुलाखत नंतर. कापूस वेचणी किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत सकाळी गेलात तर घरी फक्त म्हाताऱ्या भेटतील, पूर्व विदर्भात धानाच्या रोवणीत तसंच. दुपारी एक ते तीन बरं. आणि एक सापळा सगळे विसरतात: पहिलं बाळंतपण माहेरी. तुमच्या यादीतल्या निम्म्या पहिलटकरणी गावात नसतात, आणि गावात असतात त्या लेकी यादीत नसतात. शिवाय माहेरी बसून ती सासरबद्दल जे बोलेल ते सासरी बोलणार नाही. म्हणून मुलाखत माहेरी झाली की सासरी, हा कॉलम फॉर्ममध्ये टाकाच.

सहावं काम: संमती

सज्ञान बाईची संमती तिचीच. नवऱ्याची सही लागत नाही. पण सासूला नमस्कार न करता सरळ आतल्या खोलीत घुसलात तर संमती असूनही मुलाखत होणार नाही, म्हणून दहा मिनिटं ओसरीवर बसा, चहा घ्या, काम काय आहे ते खरं पण थोडक्यात सांगा: बाळंतपणानंतर आईची तब्येत कशी राहते, झोप, खाणं, मन, त्याचा अभ्यास. हे खोटं नाही. माहितीपत्रकाची कॉपी द्यावीच लागते, तर त्या कागदाचं शीर्षकही असंच ठेवा, "डिप्रेशन" किंवा "मानसिक" असं मोठ्या अक्षरात छापलेला कागद फडताळात सापडला की त्या बाईचं पुढे काय होईल याचा विचार करा, आणि शीर्षक का असं ठेवलं ते कमिटीला लिहून द्या. आत बाईला मात्र सगळं उघड सांगायचं, शेवटचा प्रश्न जीवाबद्दल आहे हे सुद्धा. अंगठा असेल तर कागद वाचून दाखवताना एक तटस्थ साक्षीदार हवा, तो तुमच्या टीमचा नको.

वय अठराच्या खाली निघालं तर? निघतं, कार्डावर एकोणीस लिहिलेलं असतं आणि बोलता बोलता कळतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी. म्हणून अशा वेळी काय करायचं ते कमिटीसोबत आधीच लिहून ठरवा, आणि गुप्ततेला कुठे मर्यादा आहे ते संमतीच्या वेळीच सांगा. बाई बोलून गेल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक आहे.

सातवं काम: सासू दारात बसलेली असते तेव्हा

माझ्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. घर दोन खोल्यांचं. मी आत बाजेजवळ खाली बसले, सासू उंबऱ्यातच सूप घेऊन तूर पाखडत. मी प्रश्न विचारला की आधी सुपाचा आवाज थांबायचा, मग सासूचं उत्तर यायचं. "तिले काय होते, खाऊन-पिऊन बाजीवर तं हाये." मग सुनेनं मान हलवायची. पुन्हा सूप सुरू. दहा प्रश्न झाले, तीसपैकी एक मार्क. मी फॉर्म बंद केला, निघाले, तर ती हात धुवायला पाणी द्यायच्या निमित्तानं मागच्या मोरीपर्यंत आली, तांब्यातून पाणी ओतता ओतता खाली बघत म्हणाली, "मॅडम, रात्री लेकरू रडलं का मले वाटते सारं सोडून निघून जावं, वापस येऊच नाई." आणि तांब्या घेऊन आत गेली.

माझ्याकडे नंबर नव्हता, प्लॅन नव्हता. ज्या संस्थेसाठी काम करत होते तिथे संध्याकाळी फोन केला तर उत्तर आलं, स्कोअर एक आहे ना, मग प्रोटोकॉलमध्ये बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्राच्या सिस्टरला घेऊन बाळाचं वजन करायच्या निमित्तानं परत गेले, आणि तेव्हा कुठे नीट बोलणं झालं. ती पुढे दवाखान्यात गेली, बरी झाली, पण ते सिस्टरमुळे, माझ्या अभ्यासामुळे नाही.

तेव्हापासूनचा नियम: दोघींनी जायचं. एकीनं ओसरीवर सासूशी बोलायचं, आणि नुसतं गप्पा मारायला नाही, तिच्यासाठी खरेच वेगळे प्रश्न ठेवायचे, तुमच्या वेळी बाळंतपण कुठे झालं, पाचवी कशी पूजता, डिंकाचे लाडू कितव्या दिवशी. सासवांना बोलायला फार आवडतं आणि त्यांचं कोणी विचारत नाही. आत कोणी आलं की लगेच विषय लसीवर न्यायचा, हे बाईला आधीच सांगून ठेवायचं. मारहाणीचे प्रश्न पूर्ण एकांत असेल तरच, नाहीतर ते पान सोडून द्यायचं, फॉर्म अपुरा राहिला तर राहू द्या. लेकरू रडलं की थांबायचं. पुरुष विद्यार्थी असाल तर एकटे जाऊच नका.

"आपल्याकडच्या बायका बोलत नाहीत" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांचा अभ्यास केला, १९८९ मध्ये छापून आला, त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. म्हणजे बायका बोलत नव्हत्या असं नाही, कोणी विचारतच नव्हतं.

आठवं काम: दहावा प्रश्न

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. एकूण स्कोअर कितीही असो, इथे "कधीच नाही" सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, किंवा मोरीजवळ आलं, तर त्याच दिवशी हालचाल करायची. विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो असं नाही, उलट बाईला हलकं वाटतं. आणि कोणी सरळ शब्द वापरत नाही, "निघून जावं", "झोपावं ते उठूच नाई", "लेकराले चांगली माय भेटली असती" ही त्याचीच भाषा आहे.

घाई न करता विचारायचं: असं किती वेळा वाटतं, आज वाटतंय का, काही ठरवलंय का, आधी कधी काही केलं होतं का, बाळाबद्दलही असं येतं का मनात. मग तिलाच विचारायचं की घरात तुमचा विश्वास कोणावर आहे, कोणाला सांगू. तिच्या परवानगीनं त्या माणसाला सांगायचं. धोका आजचा असेल तर परवानगीची वाट बघत बसायचं नाही, पण हे संमतीच्या वेळी सांगितलेलं पाहिजे. तिला एकटं सोडून निघायचं नाही, तिथूनच १४४१६ लावून तिच्या कानाला फोन द्यायचा, गरज असेल तर १०८. आणि आपल्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: घरात फवारणीचं औषध कुठे आहे ते विचारा. खूप घरांत बाजेखालीच डबे असतात. ते घरातल्या जबाबदार माणसाकरवी त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात. घरचे पोलीस केसला घाबरतात, त्यांना सांगा की २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरलं जातं, शिक्षेचा विषय नाही.

तुम्ही कौन्सिलर नाही. "सकारात्मक विचार करा", "लेकराकडे पाहून दिवस काढा" वगैरे नको. ऐका, आणि जोडून द्या.

नववं काम: डेटा, फोटो, पैसे

नाव-नंबरची वही वेगळी, उत्तरं वेगळी, दोन्ही एका बॅगेत नको. आशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "या तीन ताईंचा स्कोअर जास्त आहे, लक्ष द्या" असा मेसेज मी स्वतः वाचलाय, त्याच ग्रुपवर एकीची जाऊ होती. फोटो नाही, बाळाचाही नाही. रिपोर्टमध्ये गावाचं नाव टाळा, आणि "तिसरी मुलगी झालेली बावीस वर्षांची शिक्षिकेची सून" असं लिहिलंत तर नाव न लिहिताही सगळा तालुका ओळखतो. मजुरी बुडाली असेल तर तेवढी भरपाई द्या, जास्त नको, आणि ती सगळ्यांसमोर नको.

रोज संध्याकाळी टीमनं अर्धा तास बसून बोला. जेवण जात नसेल, झोप लागत नसेल तर दोन दिवस सुट्टी घ्या, गाइडला सांगा.

दहावं काम: परत जाणं

फॉर्म संपले की काम संपलं असं धरतात. बजेटमध्येच प्रत्येक रेफर केलेल्या बाईकडे दोन परतभेटी टाका, एक आठवड्यानं, एक महिन्यानं. पहिल्या वेळी पोचल्याच नसतील तर गाडीभाडं घेऊन सोबत जा. निष्कर्ष पीएचसीच्या आशा मीटिंगमध्ये सांगा, पण गावनिहाय आकडे नको, "तुमच्या गावात सहा" म्हटलं की त्या सहा कोण हे शोधायला अर्धा तास लागत नाही.

आणि संमतीपत्रावर जो मोबाइल नंबर छापलाय ते सिम सबमिशन झाल्यावर बंद करू नका, निदान वर्षभर रिचार्ज मारत राहा. माझ्या एका अभ्यासानंतर आठ महिन्यांनी एका बाजारच्या दिवशी फोन आला, मागे भाजीवाल्यांचा गोंधळ, बोलणारी म्हणाली, "मॅडम, तुम्ही तो कागद देल्ला होता ना. माह्या जावेची डिलेवरी झाली. तो डॉक्टर अजून मंगळवारीच बसते का?"